अक्षरांतील मोकळी जागा



आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे तो डोळ्यांचा विषय आहे, आणि मजजवळ साधन आहे तें केवळ आवाजाचें. म्हणून आरंभींच एक विनंति करतों. हाताशीं कागद आणि पेन्सिल असेल तर ती जवळ घेऊन बसा. नसेल तर मुलांची पाटी चालेल. आणि तीही नसेल तर बोटानें तळहातावर रेघा ओढल्या तरी माझें काम भागेल.

विषय आहे नाममुद्रेचा. एखादी संस्था, एखादा कारखाना, एखादी विमानकंपनी आपलें नांव एका ठराविक घडणीच्या अक्षरांत लिहवून घेते, आणि मग पाटीवर, पावतीवर, गाडीच्या बाजूवर, मालाच्या वेष्टनावर तीच घडण सर्वत्र वापरते. निराळें चित्र नसतें. नांवाचीं अक्षरें हीच तिची खूण. अशा लिहिलेल्या नांवाला मी नाममुद्रा म्हणतों. हल्लीं या मुद्रा पुष्कळदां जाड आणि भूमितीच्या आकृतींवर बेतलेल्या असतात: सरळ रेघ, वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. त्यांतल्या कांहींत एक गंमत दडलेली असते. अक्षरांच्या मध्यें जी कोरी जागा उरते, तिचीच एक आकृति झालेली असते. ती आकृति कोणीं रंगानें काढलेली नसते; भोंवतालच्या अक्षरांनीं तिला जागा करून दिलेली असते.

ही कोरी जागा कामाला कशी लावावी, आणि तिला कोठें मुळींच हात लावूं नये, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. यांतला दुसरा भाग मी स्वतः फजीत होऊन शिकलों. तो प्रसंगही ओघानें सांगेन.

रिकाम्या जागेला मोल असतें हें आपल्याला अगदींच नवें नाहीं. त्रिताल चालू असतां नवव्या मात्रेवर टाळी पडत नाहीं. हात नुसता बाजूला होतो. त्या मात्रेला आपण 'खाली' म्हणतों. परंतु ती मोजली जाते, आणि समेवर यावयाचें तर गाणाऱ्याला तिचें भान ठेवावेंच लागतें. अक्षरांच्या कामांत कोऱ्या जागेचें स्थान असेंच आहे. ती लिहिली जात नाहीं, पण मोजली जाते.

आतां पेन्सिल उचला. कागदावर एका बोटाच्या अंतरानें दोन उभ्या बारीक रेघा काढा. तुम्हांला दोन रेघा दिसतात. त्यांच्या मधला कागद हा नुसता कागद. आतां त्याच दोन रेघा जाड करीत चला. प्रत्येक रेघेची रुंदी मधल्या फटीच्या रुंदीइतकी झाली कीं थांबा, आणि थोडें दूर धरून पाहा. मघांचा नुसता कागद आतां एक पांढरी पट्टी झाला आहे. काळ्या पट्ट्या दोन, पांढरी एक. आणि तिघींचा दर्जा सारखा.

नजरेची ही चाल १९१५ सालीं एडगर रूबिन या डेन्मार्कमधील मानसशास्त्रज्ञानें फार चांगली उलगडून दाखविली. त्याच्या ग्रंथांतील एक आकृति पुढें जगप्रसिद्ध झाली. मधला भाग पाहावा तर फुलदाणी दिसते. दोन्ही बाजू पाहाव्या तर समोरासमोर असलेले दोन चेहरे दिसतात. फुलदाणी दिसत असतां चेहरे मागें सरतात, आणि चेहरे पुढें आले कीं फुलदाणीची नुसती पार्श्वभूमि होते. दोहोंची कड एकच. पण नजर ती कड एका वेळीं एकाच बाजूला बहाल करते. जाड अक्षरांच्या नाममुद्रेंत आरेखक जें करतो तें इतकेंच, कीं कडेवरचा हा मालकीहक्क तो थोडा सैल करतो. एरव्हीं ती अक्षराची असते. क्षणभर ती कोऱ्या जागेची होते. म्हणूनच असें काम बारीक अक्षरांत साधत नाहीं. बारीक रेघ जागेला कुंपण घालते. जाड रेघ जागेला आकार देते.

याचें आजचें सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेंतील आहे. मेम्फिस शहरांतून १९७३ सालापासून 'फेडरल एक्स्प्रेस' नांवाची कंपनी विमानानें पेट्या पोंचवूं लागली. लोकांनीं बोलतां बोलतां त्या लांबलचक नांवाचें 'फेडएक्स' केलें, आणि १९९४ सालीं कंपनीनेंही तें आपल्या मुद्रेवर घेतलें. ही मुद्रा लँडॉर या संस्थेंत लिंडन लीडर या आरेखकानें घडविली. तिचा पूर्वार्ध जांभळा, उत्तरार्ध नारिंगी. त्या उत्तरार्धांत रोमन लिपींतील मोठा 'ई' आहे, आणि त्याला अगदीं चिकटून लहान 'एक्स', म्हणजे आपली फुली.

कागदावर हीं दोन अक्षरें जाड काढून पाहा. 'ई'ला एक उभा खांब आणि उजवीकडे पसरलेले तीन हात. त्यांपैकीं मधला आणि खालचा या दोन हातांत एक आडवी फट राहते. तिच्या पुढें फुलीची डावी बाजू येते, आणि फुलीच्या दोन डाव्या पायांमध्यें एक त्रिकोणी खांच असते; तिचें टोंक उजवीकडे. आडवी फट झाली दांडा आणि त्रिकोणी खांच झाली टोंक. दोन्ही मिळून उजवीकडे धांवणारा एक पांढरा बाण! माल इकडून तिकडे नेणाऱ्या कंपनीला याहून उचित खूण कोणती?

ऐकतांना हें सहज घडल्यासारखें वाटतें. वस्तुतः त्या कामासाठीं २००हून अधिक आराखडे झाले होते. अक्षरें एकमेकांजवळ सरकवून पाहतांना 'ई' आणि 'एक्स' यांच्यामध्यें बाणाची नुसती चाहूल लीडर यांना लागली. मग ती चाहूल खरी करण्याचें काम उरलें. त्यांच्या डोळ्यांपुढें दोन नांवाजलेल्या अक्षरजाती होत्या: पाउल रेनर यांची १९२७ सालची 'फ्युचुरा' आणि आद्रियाँ फ्रुटिगर यांची १९५७ सालची 'युनिव्हर्स'. दोहोंपैकीं एकही जशीच्या तशी चालेना. बाण कोठें बसका दिसे, कोठें दांडा वांकडा पडे. तेव्हां दोहोंचे गुण एकत्र करून, लहान अक्षरांची उंची वाढवून, फुलीचा मध्य त्या फटीच्या नेमका समोर आणून त्यांनीं निराळीच अक्षरें रेखलीं. आणि तरी सबंध नांव वाचतांना कोणतेंही अक्षर ओढाताण केल्यासारखें दिसत नाहीं.

या हकीकतींतील दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली अशी, कीं तो बाण तेथें कोणीं आणून घातला नाहीं. तो त्या दोन अक्षरांच्या शेजारांतच होता, आणि आरेखकानें तो ओळखला. दुसरी गोष्ट अशी, कीं तो बाण अधिक ठळक करून लोकांना दाखवून द्यावा अशी सूचना पुढें आली असतां ती त्यांनीं मानली नाहीं. ज्याला दिसेल त्याला दिसेल. ज्याला दिसणार नाहीं त्यालाही नांव तर स्वच्छ वाचतां येईल. बाण हा नांवावरचा नफा; नांव हें भांडवल. नफ्यासाठीं भांडवल मोडूं नये, हा व्यापाऱ्यांचा नियम अक्षरांनाही लागू आहे.

येथें भूमितीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण भौमितिक अक्षर म्हणजे कंपास आणि पट्टी घेऊन काढलेलें अक्षर, असा एक समज आहे. चौकोनाइतकेंच उंच वर्तुळ काढा. तें लहान दिसतें. म्हणून गोल अक्षर वर आणि खालीं ओळीच्या किंचित् बाहेर जाऊं द्यावें लागतें. आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड काढा. ती अधिक जाड भासते. म्हणून ती थोडी बारीक करावी लागते. काळ्यावर पांढरें काढलेलें अक्षर पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरापेक्षां मोठें भासतें. म्हणून रंग उलटले कीं जाडीही थोडी बदलावी लागते. ज्या 'फ्युचुरा'ला लोक शुद्ध वर्तुळांची अक्षरजात म्हणतात, तिच्यांतही अशा लहान लहान सवलती आहेत. पट्टीनें मोजलेली समता आणि नजरेला पटलेली समता यांत अंतर असतें. आरेखकाला दुसरी साधावयाची असते.

आतां दुसरें उदाहरण घेतों. १९७५ सालीं अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेसाठीं रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांनीं एक नाममुद्रा केली. रोमन लिपींतील चारच अक्षरें, सर्व एकाच जाडीच्या वळलेल्या पट्टीचीं. मोठा 'ए' आपण दोन तिरप्या रेघा आणि मध्यें एक आडवी रेघ अशा रीतीनें काढतों. या मुद्रेंत 'ए' दोन वेळां येतो, आणि दोन्ही ठिकाणीं मधली आडवी रेघ गाळलेली आहे. राहते ती वर निमुळती झालेली कमान, जणूं उड्डाणाला निघालेल्या यानाचें टोंक. ही मुद्रा दाखविली तेव्हां संस्थेचे प्रमुख जेम्स फ्लेचर यांना त्या गाळलेल्या रेघा खटकल्या. आपल्या पैशांचा पुरा मोबदला मिळाला नाहीं असें त्यांना वाटलें, अशी हकीकत डॅन यांनीं सांगितली आहे. मुद्रा स्वीकारली गेली, १९९२ सालीं बाजूला पडली, आणि २०२० सालीं पुन्हां यानांवर दिसूं लागली.

फ्लेचर यांना हंसण्याचें कारण नाहीं. जें काढलें त्याचे पैसे द्यावे हें कोणालाही पटतें. जें गाळलें त्याचे पैसे द्यावयाचे म्हणजे मन थोडें कचरतें. परंतु खरा प्रश्न निराळा आहे: ती रेघ गाळतां आली कशी? गाळूनही तें अक्षर 'ए'च राहिलें, कारण इंग्रजी वर्णमालेंत तशा दुसऱ्या आकाराचें अक्षर नाहीं. हीच मुद्रा ग्रीक माणसापुढें ठेवली तर? ग्रीक लिपींत आडव्या रेघेविना तो आकार म्हणजे 'लॅम्डा', म्हणजे आपला 'ल'. इंग्रजींत जी जागा रिकामी ठेवून चाललें, तीच ग्रीकमध्यें अर्थ बदलते.

माझ्या मतें या कामाचें सारें मर्म येथें आहे. अक्षरांच्या आंत आणि अक्षरांच्या मध्यें ज्या कोऱ्या जागा असतात, त्या दोन जातींच्या असतात. कांहीं बोलक्या, कांहीं मुक्या. बोलकी जागा म्हणजे जी बुजविली किंवा उघडली असतां अक्षर बदलतें. मुकी जागा म्हणजे जी कमीजास्त झाली तरी अक्षर तेंच राहतें. 'ई' आणि 'एक्स' यांच्या मधली जागा मुकी होती, म्हणून तिच्यांत बाण राहूं शकला. याच फेडएक्सची अरबी लिपींतील मुद्रा पाहिली तर तिच्यांतही अक्षरांमध्यें बाण आहे. पण तो डावीकडे जातो, कारण ती लिपि उजवीकडून डावीकडे वाचली जाते. म्हणजे एका लिपींतली युक्ति दुसऱ्या लिपींत उचलून नेतां येत नाहीं. ज्या त्या लिपीला तिच्या बोलक्या जागा कोणत्या हें विचारावें लागतें.

मग आपल्या लिपीला विचारूं या.

रोमन अक्षरें खालच्या ओळीवर उभीं राहतात. आपलीं अक्षरें वरच्या रेघेला लोंबतात. मोडी लिहिणारे कारकून तर आधीं पानभर रेघ ओढीत आणि मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत जात. ती रेघ शब्दाशब्दाला तुटत नसे. त्यामुळें शब्द कोठें संपला हें वाचणाराला अर्थावरून ठरवावें लागे. बालबोधींत शिरोरेघ शब्दाच्या शेवटीं तुटते. तें तुटणें, ती दोन शब्दांमधली जागा, ही आपली पहिली बोलकी जागा.

दुसरी त्याहून नाजूक. पाटीवर 'घ' काढा आणि शेजारीं 'ध' काढा. 'घ'ची शिरोरेघ सबंध. 'ध'ची डावीकडे तुटलेली. तेवढ्या खांचेनें 'घन'चें 'धन' होतें. 'म' आणि 'भ' यांचेंही तसेंच. 'म'वर रेघ सबंध, 'भ'वर खंडित. 'मार' आणि 'भार', 'माळ' आणि 'भाळ', 'मूल' आणि 'भूल' यांच्यांत फरक काय तो एका खांचेचा आणि एका लहानशा वळणाचा. आतां 'व' काढा. त्याच्या पोटांतली जागा मोकळी असेल तर तो 'व'. तीच एका तिरप्या रेघेनें कापली गेली कीं 'ब'. आणि 'ख'चा पाय पुढच्या भागाला नीट जोडला नाहीं, तर वाचणारा 'रव' वाचून मोकळा होतो. आपल्या लिपींत नुसती रेघेंतली तूट हाही अक्षराचा एक अवयव आहे.

अक्षरें जाड करूं लागलें कीं पहिला घाला पडतो तो याच अवयवांवर. रेघ दुप्पट झाली कीं खांच निम्मी होते. छापतांना शाई थोडी पसरली कीं ती उरलेली निम्मीही जाते. एकोणिसाव्या शतकांत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे नांवाजले गेले. त्या छापखान्याचीं बारीक टाइपांतील पुस्तकें आजही वाचतां येतात, तीं अक्षरांच्या आंतील जागा उघड्या राहिल्या म्हणून. तेव्हां देवनागरींत जाड मुद्रा करावयाची तर जाडी ठरविण्याचा मान नांवांतील सर्वांत दाट अक्षराला द्यावा. नांवांत 'झ', 'क्ष' किंवा 'ई' असेल तर त्या अक्षराच्या पोटांत जेवढी जाडी मावेल तेवढीच इतरांना द्यावी.

यावरून देवनागरींत अशी मुद्रा होतच नाहीं असें कोणीं समजूं नये. आपल्याकडे मुक्या जागाही पुष्कळ आहेत, आणि त्या फार सुंदर आहेत. 'वाडा' हा शब्द जाड अक्षरांत लिहा. 'व'ची उभी दांडी आणि तिच्या पुढचा काना यांच्यामध्यें एक उभी, अरुंद फट राहते. तिला वरून शिरोरेघेचें छप्पर आहे, दोन्ही बाजूंना भिंती आहेत, आणि खालीं ती उघडी आहे. हें काय झालें? दरवाजा! फट थोडी रुंद करा, तिचें वरचें टोंक कंसासारखें गोल करा. दिंडी दरवाजाची कमान तयार. 'वा'चा 'वा'च राहिला, कारण दांडी आणि काना यांच्या मधली ही जागा मुकी आहे. आपण कांहीं जोडलें नाहीं, कांहीं मोडलें नाहीं. वाड्याला दार तेवढें दिलें. मात्र त्याच ओघांत 'व'च्या पोटांत एखादी खिडकीची तिरपी रेघ घालण्याचा मोह झाला, तर वाड्याचा 'बाडा' होईल.

आतां माझ्या फजितीची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं एका पेठेंतील कांहीं स्त्रिया एकत्र येऊन घरगुती जेवणाचे डबे देत असत. त्यांच्या मंडळाच्या नांवांत 'भरण' हा शब्द होता, आणि तो एकटाच मोठ्या अक्षरांत पाटीवर यावयाचा होता. काम माझ्याकडे आलें. मीं पुष्कळ कागद खराब केले, आणि एके दिवशीं मला एक कल्पना सुचली. शिरोरेघ म्हणजे पातेल्यावरचें झांकण. तिच्याखालीं अक्षरांच्या आंतील गोल जागा म्हणजे भरलेल्या वाट्या. तीन जाड अक्षरें, वर एक सरळ, सबंध पट्टी. मी खूष झालों. आतां झांकण म्हटलें म्हणजे त्याला मध्येंच खांच कशी चालेल? म्हणून 'भ'वरची खांच मीं बुजविली. डाव्या बाजूचें वळण तेवढें ठेवलें, आणि जाड रेघेंत तेंही जवळजवळ बुडून गेलें.

आराखडा घेऊन मी मंडळांत गेलों आणि झांकणाची व वाट्यांची कल्पना विस्तारानें समजावून दिली. सर्वांना ती आवडली. पाटी रंगविणारे पेंटर वयस्क होते. त्यांनीं मात्र ब्रश हातांत धरून मला विचारलें, "साहेब, हितं खांच ठिवूं ना? न्हाय तर 'म' हुईल." मीं त्यांना सांगितलें, कीं संदर्भावरून लोक बरोबर वाचतील. ते पुढें कांहीं बोलले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेला निघालेला एक मुलगा पाटीपुढें थांबला आणि नव्यानें वाचूं लागलेलीं मुलें वाचतात तसें मोठ्यानें वाचूं लागला: "मरण. घरगुती जेवणाचे डबे मिळतील." रस्त्यावरचीं माणसें हंसलीं. मी तेथेंच उभा होतों. मीही कसनुसा हंसलों. परंतु पुढें जें कळलें त्यांत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. तीच मुद्रा महिन्याच्या बिलांवर छापली होती. त्या आठवड्यांत दोन घरांनीं डबा बंद केला. त्यांपैकीं एका घरांत माणूस अंथरुणाला खिळलेलें होतें, आणि तो डबा त्याच्यासाठींच जात होता. तो शब्द छापलेला कागद त्या घरच्या बाईंना उंबऱ्याच्या आंत नको झाला. त्यांना दोष कोणीं द्यावा?

मंडळाच्या वडीलधाऱ्या काकूंनीं मला बोलाविलें. त्या रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पोटांत चार घांस जावेत म्हणून आम्ही बायका पहांटे चारला उठतों हो. तुम्ही शिकलेलीं माणसं. आमच्या दारावर काय लिहिलंत तें एकदां तुम्हीच वाचून दाखवा." मला वाचून दाखवितां आलें नाहीं.

आराखडा पाहतांना आम्हां कोणालाच तो दोष कसा दिसला नाहीं, याचा मीं पुढें पुष्कळ विचार केला. उत्तर सोपें आहे. नांव काय तें आम्हांला आधींच ठाऊक होतें. ज्याला शब्द ठाऊक आहे तो अक्षरें वाचीत नाहीं. तो आठवणींतला शब्द अक्षरांवर ठेवतो. शिवाय मीं कल्पना इतकी समजावून दिली होती, कीं सर्वजण झांकण पाहत होते. पेंटरांना मात्र अक्षर रंगवावयाचें होतें, म्हणून त्यांना अक्षर दिसलें. त्या मुलाला कोणीं कांहींच सांगितलें नव्हतें, म्हणून त्यानें जें लिहिलें होतें तेंच वाचलें.

दुरुस्ती पेंटरांच्याच ब्रशानें झाली. 'भ'वरची खांच मीं नुसती परत उघडली नाहीं. पहिल्यापेक्षां रुंद केली. आणि मग माझ्या लक्षांत आलें, कीं झांकणाचें चित्र आतांच खरें झालें आहे. कोणत्या स्वयंपाकघरांत शिजत्या पातेल्यावर झांकण घट्ट बसवितात? तें किंचित् सरकवून ठेवतात, वाफेला वाट राहावी म्हणून. लिपीनें जी खांच मागितली होती तीच चित्रालाही हवी होती, आणि मीं ती दोघांनाही नाकारली होती. पेंटरांनीं फक्त रंगाचे पैसे घेतले. बिलें मीं माझ्या खर्चानें पुन्हां छापवून दिलीं. बंद झालेल्या दोन डब्यांपैकीं एक पुन्हां सुरू झाला. दुसरा झाला नाहीं.

वेळ संपत आली आहे. तेव्हां ज्यांना हें काम करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. नांव पेन्सिलीनें काढूं नका. काळ्या कागदांतून कात्रीनें कापा. कापतांना जे तुकडे खालीं पडतात तेही टेबलावर मांडून पाहा, कारण तेच तुमच्या कोऱ्या जागांचे आकार आहेत. त्यांतला कोणता तुकडा बोलका आणि कोणता मुका, याची आधीं वांटणी करा. बोलक्या तुकड्यांना हात लावूं नका. शक्य तर त्यांना थोडी जास्तच जागा द्या. मुक्या तुकड्यांत एखादी आकृति आपण होऊन दिसूं लागली तर तिला मदत करा. न दिसली तर नांव स्वच्छ लिहून थांबा, त्यांत कमीपणा नाहीं. मग मुद्रा रबरी शिक्क्याएवढी लहान करून पाहा, वीस पावलांवरून पाहा, रंग उलटे करून पाहा.

आणि शेवटीं ती अशा माणसापुढें ठेवा, ज्याला तें नांव ठाऊक नाहीं. जवळ एखादें पहिलीदुसरींतलें मूल असेल तर फारच उत्तम. त्याला कांहीं समजावून सांगूं नका. फक्त म्हणा, "बाळ, हें वाच पाहूं." आणि तें काय वाचतें तें नीट ऐका.